हात न लागता बाद

'सरपंच' हा शब्द आपल्या मराठीत दोन ठिकाणी चालतो. एक ग्रामपंचायतीत आणि दुसरा कबड्डीच्या मैदानावर. सामन्याला दोन बाजूंना दोन पंच उभे असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच. दोघा पंचांचे पटले नाही तर शेवटचा शब्द सरपंचाचा. आमच्या हिवरे बाजारात पाण्याचे काम पाहायला बारा महिने बाहेरची मंडळी येतात. अशाच एका पाहुण्यांनी रविवारी एका मुलाला विचारले, "सरपंच कुठे भेटतील?" त्याने सरळ शाळेच्या मैदानाकडे बोट केले. पाहुणे तिथे गेले तर गळ्यात शिट्टी अडकवलेले एक शिक्षक दोन पोरांचे भांडण सोडवीत होते. पोराचे काही चुकले नव्हते. त्याचा सरपंच तोच.

मी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एका कार्यालयात कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. समाजाच्या कामात असल्यामुळे दाखले, अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म यासाठी लोक घरी येतात. आणखी एक काम माझ्याकडे आपोआप आले, ते गुणलेखकाचे. गावोगावच्या स्पर्धांत, जयंतीच्या सामन्यांत टेबलाशी बसून गुणपत्रक भरायचे. या कामाला हिशेब पक्का लागतो आणि कान शाबूत लागतात. पंचाने हात वर केला की गुण कोणाचा, कशाचा आणि मैदानात आता किती गडी, हे त्याच क्षणी कागदावर उतरले पाहिजे. त्यामुळे सामना संपल्यावर हरलेली बाजू पंचाशी भांडून दमली की माझ्याकडे येते.

अशीच एक तक्रार माझ्या घरातूनच आली. माझी पुतणी नववीत आहे, कबड्डी खेळते. डाव्या कोपऱ्यावर उभी राहते आणि घोटा पकडते. तालुक्याच्या एका शालेय स्पर्धेत तिचा संघ एका गुणाने पुढे होता आणि समोरच्या मुलींची शेवटची चढाई राहिली होती. चढाईवर आलेली मुलगी उंच होती. ती डाव्या अंगाला आली तशी आमची पुतणी आणि तिचा हात धरून साखळीत असलेली दुसरी मुलगी, अशा दोघी मागे आणि बाजूला सरकल्या. चढाईच्या मुलीचा हात त्यांना लागला नाही. ती तशीच परत गेली. आमच्या मुली जिंकल्या म्हणून उड्या मारू लागल्या, तोच पंचाने शिट्टी वाजवून दोन बोटे दाखवली. दोघी बाद, समोरच्यांना दोन गुण, आणि आमचा संघ एका गुणाने पराभूत.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहा-बारा माणसे जमली. भावजय म्हणाली, "भावोजी, हात लागलाच न्हाई, मग बाद कशी? तुम्ही शिकले-सवरलेले, अर्ज लिहा." आळीतले एक म्हातारे बाबा काठी आपटून बोलले, "आपल्या पोरी म्हनल्यावर पंचाला दिसतंया कुठं?" या बोलण्याला मी हसलो नाही आणि कोणी हसू नये. बोट आपल्याकडे आधी का वळते, हे त्या पिढीने आयुष्यभर पाहिले आहे. त्यांचा संशय रिकाम्या जागेतून आलेला नाही. पण अर्ज लिहायचा तर दुसऱ्याच ओळीत सांगावे लागते की कोणत्या नियमाचा भंग झाला. मला ती ओळ लिहिता येईना. म्हणून मी सर्वांना एक दिवस थांबायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नियमांचे पुस्तक उघडून बसलो.

पंचाचा निर्णय बरोबर होता.

तो का बरोबर होता, हे ज्यांच्या घरात मुले-मुली कबड्डी खेळतात त्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, मुलींचे 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. पण या रुंदीतला दोन्ही कडांचा एक-एक मीटरचा पट्टा सुरुवातीला खेळाचा नसतो. त्याला राखीव क्षेत्र म्हणतात, हल्ली सगळे लॉबीच म्हणतात. चढाई करणाऱ्याचा आणि पकड करणाऱ्याचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या क्षणापासून हा पट्टा मैदानात धरला जातो. स्पर्श होण्याआधी जो त्यात पाय टाकील तो बाद. कोणाचा हात लागो वा न लागो. आमच्या दोघी मुली सरकता सरकता त्या पट्ट्यात गेल्या होत्या. एकीचा पाय गेला आणि साखळीमुळे दुसरीचाही.

हे मी ओसरीवर सांगितले तेव्हा कुणालाच पटेना. मग अंगणात काटकीने रेघा ओढल्या. भाऊ एम.आय.डी.सी.त कामाला जातो, रोज मोटारसायकलवर. त्याला म्हटले, "डांबरी रस्त्याच्या कडेला साईडपट्टी असते ना? समोरून ट्रक अंगावर आला तर तू तिथं उतरतोस. पण रोजची गाडी तिथून चालवायची का?" तो म्हणाला, "न्हाई." "तसंच हे." तेवढ्यात पुतणी हळूच बोलली, "काका, पण आमच्या मैदानात ती रेघ नसतीच."

ही गोष्ट खरी होती. आमच्या मुली सराव करतात त्या जागेवर बाहेरची चौकट तेवढी राखेने आखलेली असते. मधली रेषा पायाने ओढायची, बाकीच्या मनात धरायच्या. फक्कीला पैसे लागतात आणि वाऱ्याने ती दोन दिवसांत उडते. समोरच्या संघाच्या मुली मॅटवर सराव करून आलेल्या. त्यांच्या पायांना ती रेषा न बघता कळत होती. आमच्या मुलींना ती त्या दिवशी पहिल्यांदा भेटली, तीसुद्धा शेवटच्या चढाईत. मैदानावर अन्याय झालाच नव्हता. जो काही झाला तो सरावाच्या जागेवर, आणि त्याविरुद्ध अर्ज करायला कबड्डीच्या पुस्तकात कलम नाही. मी अर्ज लिहिला नाही. भावजय दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होती.

हे पुस्तक वाचता वाचता मला एक छंद जडला. एखादा नियम विचित्र वाटला की मी विचार करतो, हा नसता तर कोणी काय लबाडी केली असती? बहुतेक वेळा उत्तर सापडते आणि नियम डोक्यात पक्का बसतो. लॉबीचेच घ्या. झटापटीत दोन-चार जण एकमेकांवर पडतात, त्यांना थोडी जादा जागा हवी. पण ती जागा सुरुवातीपासून मोकळी ठेवली तर बचावाचे गडी कडेला पांगून उभे राहतील आणि चढाई करणाऱ्याला सगळ्यांना शिवण्यासाठी मैदानभर पळावे लागेल. म्हणून जागा आहे, पण कुलपात आहे, आणि किल्ली म्हणजे स्पर्श.

बोनसचा गुण हा असाच भांडणाचा विषय. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकवला आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत असला, तर एक गुण. प्रेक्षकांना पुढचा पाय दिसतो, मागचा दिसत नाही. मागचा पाय जमिनीला चिकटलेला असेल तर गुण नाही, मग तुम्ही कितीही ओरडा. सगळे गडी मागच्या रेषेला चिकटून उभे राहिले तर चढाई करणारा शिवणार कोणाला? त्यांना पुढे ओढण्यासाठी हे आमिष ठेवले आहे, असे मी समजतो. गडी पाच किंवा कमी झाले की मागे जागाच जागा असते, म्हणून तेव्हा बोनस मिळत नाही.

बोनसबद्दल आणखी एक घोळ टेबलाशी नेहमी होतो. चढाईवाला बोनस घेऊन मग पकडला गेला तर दोन्ही संघांना एक-एक गुण मिळतो. पकडणाऱ्या संघाचा बाहेर बसलेला एक गडी आत येतो, पण बोनसच्या गुणावर कोणी आत येत नाही. "गुण मिळाला मग आमचा माणूस आत का न्हाई?" असे म्हणत आजवर किती कर्णधार माझ्या टेबलावर हात आपटून गेले असतील. मी त्यांना हिशेबाच्या भाषेत सांगतो की ही रक्कम वेगळ्या खात्यावर जमा झाली. बी.कॉम. इथे उपयोगी पडते.

बाकीचे नियम याच वाटेने गेले की सोपे होतात. चढाईवाल्याचे तोंड दाबून दम तोडला तर तो बाद नाही. केस किंवा बनियन धरून थांबवले तरी बाद नाही. त्याला मुद्दाम रेषेबाहेर ढकलले तर ढकलणाराच बाद. पुढे असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू लागला म्हणून सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नियम आला. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी हुशार गडी उभा आहे. त्याने पळवाट शोधली आणि मागून पुस्तकवाल्यांनी ती बुजवली.

माझा हा छंद पाहून पुतणीच्या शाळेतल्या सरांनी मला एक कोडे घातले. शालेय स्पर्धांत हल्ली सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही असतात. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. थोडक्यात सांगायचे तर फलंदाजाने चेंडू मारायचा आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर ठेवलेले तळ एकामागून एक गाठत परत घरी यायचे. त्याच्याआधी पोहोचलेले खेळाडू पुढच्या तळांवर उभे असतात. झेल घेतला गेला तर त्यांना आपल्या तळावर परत जावे लागते. झेल सुटला तर मात्र मागून येणाऱ्यासाठी जागा मोकळी करून पुढे पळावेच लागते. सरांनी विचारले, "पहिल्या आणि दुसऱ्या तळावर माणसे आहेत, कोणी बाद झालेले नाही किंवा एकच झालेला आहे. फलंदाजाने सोपा उंच झेल वर उडवला. चेंडू अजून हवेत आहे, आणि पंच ओरडतो, फलंदाज बाद! नंतर झेल सुटला तरी बाद तो बादच. हे कसे?"

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी एस.टी.त उत्तर सापडले. लबाडी क्षेत्ररक्षकाची आहे. तो मुद्दाम झेल सोडील. तळावरचे दोघे झेल होणार म्हणून जागेवर थांबलेले असतील, त्यांना एकदम पळावे लागेल आणि तो एकाच्या जागी दोघांना बाद करील. चांगले खेळल्याने एक बळी आणि वाईट खेळल्याचे नाटक केल्याने दोन! हे बंद करण्यासाठी अमेरिकेत 1895 साली हा नियम केला, असे सरांनी नंतर सांगितले. म्हणजे तिकडेही फलंदाज 'झेल न घेता बाद' असतोच. आमच्या भावजयीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पण नियम कळला म्हणजे सगळे झाले असे नाही. नियम लागू करणारा डोळा माणसाचा असतो. 2 जून 2010 रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे आर्मांडो गलारागा नावाच्या गोलंदाजाने क्लीव्हलँडच्या संघाचे सलग 26 फलंदाज बाद केले. एकालाही पहिला तळ गाठू दिला नाही. सत्ताविसावा बाद झाला असता तर तो 'परफेक्ट गेम' ठरला असता. 1880 पासून तोपर्यंत मोठ्या स्पर्धेत असे 20 वेळाच घडले होते. सत्ताविसाव्याने चेंडू मारला, तो अडवून पहिल्या तळाकडे फेकला गेला, तिथे गलारागाने तो पकडून तळावर पाय ठेवला. फलंदाज त्याच्यानंतर पोहोचला. पंच जिम जॉइस यांनी मात्र हात पसरून तो सुरक्षित असल्याचे सांगितले. सामना संपल्यावर त्यांनी चित्रफीत पाहिली आणि आपला निर्णय चुकला, त्या मुलाचा विक्रम माझ्यामुळे गेला, असे उघडपणे कबूल केले. दुसऱ्या दिवशी त्याच दोन संघांचा सामना होता आणि जॉइस मुख्य पंच होते. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला स्वतः गलारागाच मैदानात आला. जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होते. निर्णय शेवटपर्यंत बदलला गेला नाही. पण असे निर्णय चित्रफीत पाहून तपासण्याची सोय 2014 च्या हंगामापासून तिथे पुष्कळ वाढवण्यात आली. त्याच वर्षी आपल्याकडे प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिच्यातही संघांना पंचांचा निर्णय पडद्यावर तपासून मागता येऊ लागला. गावच्या सामन्यात मात्र पडदा नाही, पंचाचे दोन डोळे तेवढे आहेत, हे लक्षात ठेवूनच आपण ओरडावे.

आता जो प्रसंग सांगतो तो लॉबीचाच आहे, आणि तो सुवर्णपदकाच्या सामन्यात घडला. 7 ऑक्टोबर 2023, चीनमधील हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. आपल्या संघात याच जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदारही होता, म्हणून आमच्याकडे तो सामना घरोघर पाहिला गेला. त्याआधी 2018 साली जकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 असे हरवले होते, ते डोक्यात होतेच. गुण 28-28 असे बरोबरीत आणि एक मिनिटाहून थोडाच अधिक वेळ शिल्लक. पवन सेहरावत चढाईला गेला. गुण घ्यायचा नाहीतर बाद व्हायचे अशी ती चढाई होती. कोणालाही हात न लावता तो लॉबीत गेला, आणि त्याला अडवायला इराणचे चार गडी त्याच्या मागोमाग लॉबीत.

आता गुण कोणाला? आंतरराष्ट्रीय नियमांच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे स्पर्श न होता लॉबीत गेलेले सगळेच बाद. म्हणजे पवन बाद, इराणला एक गुण, आणि चार इराणी बाद, भारताला चार. प्रो कबड्डीतल्या नव्या पद्धतीप्रमाणे मात्र पवनचा पाय लॉबीत पडला तिथेच चढाई संपली. त्यानंतर जे तिथे गेले ते संपलेल्या चढाईत गेले, म्हणून पवन एकटा बाद. पंचांनी आधी एक निर्णय दिला. भारताने आक्षेप घेतला तेव्हा तो बदलला. मग इराणने आक्षेप घेतला, पुन्हा बदलला. दोन्ही संघ मैदानावर बसून राहिले. जवळजवळ तासभर सामना बंद होता. शेवटी चार विरुद्ध एक हा निर्णय कायम झाला आणि भारत 33-29 असा जिंकला.

आम्ही गावात फटाके वाजवले, पेढे वाटले. पण मी गुणलेखक आहे, तेव्हा मनातले बोलतो. जुन्या पुस्तकाप्रमाणे आपले चार गुण रास्त होते, याबद्दल मला शंका नाही. तरी त्या इराणी मुलांचा राग खोटा नव्हता. त्यांच्यातले काही जण आपल्याच प्रो कबड्डीत खेळलेले. तिथे एक पुस्तक आणि इथे दुसरे. सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांना समोर बसवून 'आज हे पुस्तक चालेल' असे कोणी ठामपणे सांगितले असते आणि पंचांनाही ते पाठ असते, तर तो तास वाया गेला नसता आणि निर्णय तीन-तीनदा फिरला नसता. नियम कडक असला तरी खेळाडू तो सोसतो. फिरणारा निर्णय मात्र सोसवत नाही. 'समोरच्याने आरडाओरडा केला म्हणून बदलला' हे एकदा मनात बसले की पुढचा प्रत्येक निर्णय संशयाचा होतो.

क्रिकेटमध्ये याच्या उलट तऱ्हा पाहायला मिळते. तिथे पुस्तकात नियम स्पष्ट आहे, पण तो वापरला की बोंब होते. गोलंदाज चेंडू टाकायच्या आत पलीकडचा फलंदाज रेषा सोडून पुढे गेला तर त्याला धावबाद करता येते. डिसेंबर 1947 मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी बिल ब्राऊनला असे बाद केले, तेव्हापासून या प्रकाराला मांकड यांचेच नाव चिकटले. जणू रेषा सोडून पळालेला ब्राऊन सज्जन आणि ती राखणारे मांकड लबाड! 24 सप्टेंबर 2022 रोजी लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच बाद करून सामना संपवला, तेव्हाही खेळाडूवृत्तीवर प्रवचने झाली. पंचांनी पुस्तक पाहिले आणि बाद दिले. पुढच्याच आठवड्यात, 1 ऑक्टोबर 2022 पासून, हा प्रकार पुस्तकातल्या 'गैरखेळ' या प्रकरणातून काढून साध्या धावबादच्या प्रकरणात लिहिला गेला.

मला यात एक गोष्ट खटकते. पुस्तकातला नियम सगळ्यांना वाचता येतो. पण 'आमच्यात असे करत नाहीत' हा दुसरा, न लिहिलेला नियम ज्यांचे मैदान असते तेच ठरवतात. पळवणकर बाळू यांचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या चेंडूवर यष्टी उडाली की पंचाला बाद द्यावेच लागे, कारण ते लिहिलेले होते. त्याच बाळूंना पुण्यात चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात मिळे, कारण ते कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून कोणी 'खेळात नियम कशाला, समजुतीने घ्या' असे म्हणाला की मी आधी विचारतो, समजूत कोणाची?

आमच्या गावात तर नियम खेळापुरते राहिलेच नाहीत. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. ते एम.कॉम. शिकलेले आणि क्रिकेट खेळलेले. तेव्हापासून गावाने जे ठरवले त्यात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, शेतीला बोअर घ्यायचा नाही हे आले, उसासारखे पाणी पिणारे पीक नको हेही आले. पावसाळा संपला की पाऊस किती झाला ते पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचतात. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. बाहेरचा माणूस म्हणतो, माझी जमीन, माझा पैसा, मग बोअर का नको? हीदेखील 'हात न लागता बाद' अशीच तक्रार आहे. यातली लबाडी शोधायला फार वेळ लागत नाही. एकाने खोल बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर त्याच्याही नकळत खाली जाते. आणि ज्याच्याकडे खोल जायला पैसा नाही, त्याची विहीर सर्वात आधी कोरडी पडते. दुष्काळी वर्षात कुरकुर होतेच. पण ताळेबंद सगळ्यांसमोर वाचलेला असतो, म्हणून कुरकुर भांडणापर्यंत जात नाही.

आता थोडे कामाचे सांगतो. निर्णय पटला नाही तर बोलण्याचा अधिकार कर्णधाराचा आणि संघाच्या प्रशिक्षकाचा. पालकांनी दोरी ओलांडून आत जाऊ नये. त्याने निर्णय बदलत नाही आणि संघावर कारवाई होऊ शकते. आक्षेप घ्यायचा तर त्याच वेळी घ्यावा आणि 'अन्याय झाला' असे मोघम न बोलता काय घडले ते सांगावे. कोणाचा पाय, कोणती रेषा, स्पर्शाच्या आधी की नंतर. सामन्याआधी सरांना विचारून घ्यावे की या स्पर्धेत लॉबीचा कोणता नियम धरणार आणि बोनस आहे का. हे विचारण्यात कमीपणा नाही. हांगझोऊला विचारले नाही म्हणून काय झाले ते वर आलेच आहे.

दुसरे, मुलींच्या खेळाकडे 'चार दिवसांची हौस' म्हणून पाहू नका. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. तालुक्याच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही हे खरे. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी आहे आणि खालची पायरी चुकली की वरची भेटत नाही. त्या दोन गुणांनी आमच्या मुलींची जिल्ह्याची पायरी त्या वर्षी गेली, म्हणून ओसरीवर एवढा आवाज चढला होता.

प्रमाणपत्र हातात पडले की त्याच दिवशी तपासा. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का, स्पर्धेचे वर्ष, वयोगट आणि मिळवलेला क्रमांक नीट लिहिला आहे का, सही आणि शिक्का आहे का. नोकरीच्या वेळी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयात त्याची पडताळणी होते आणि तेव्हा जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. म्हणून प्रवेशिकेची आणि सामन्याच्या गुणपत्रकाची झेरॉक्स शाळेकडून तेव्हाच मागून ठेवा. नाव चुकले असेल तर सरांमार्फत लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. तो अर्ज लिहायचा असेल तर रविवारी सकाळी दहापर्यंत मी घरी असतो, त्यानंतर मैदानावर.